वयाचा रकाना

गेल्या फाल्गुनात लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळमिलच्या कचेरीत बसण्याचा योग आला. बाहेर तुरीच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, चुनीची बारीक धूळ खिडकीच्या काचेवर बसली होती आणि मुनीमजींच्या टेबलावर, आवक-जावकच्या वह्यांशेजारी, पाच पानांचा एक कागद पडला होता. कर्मचाऱ्यांच्या ग्रुप मेडिक्लेमच्या नूतनीकरणाचे ते कोटेशन. जुनी पॉलिसी संपायला नऊ दिवस उरले होते आणि शेवटच्या पानावरची रक्कम गेल्या वर्षीच्या दुपटीला टेकली होती. मुनीमजी पेन्सिलीने त्या रकमेखाली पुन्हा पुन्हा रेघ ओढत होते. ‘‘माणसं तीच, मिल तीच, दवाखानेही तेच. मग पैसे दुप्पट कशाचे?’’ त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर त्या पाच पानांत नव्हते. ते शोधायचे तर आपल्याला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते, निजामाच्या राज्यात, गिरणीच्या भोंग्यापाशी, आणि थोडे जर्मनी-अमेरिकेतही. चला, तो कागद शेवटाकडून सुरुवातीकडे वाचू.

मालकाने नोकराच्या दुखण्याचा भार उचलावा, ही गोष्ट आपल्याकडे विम्याच्या रूपाने आली नाही. ती उचलीच्या रूपाने आली. १९१७ साली आखलेल्या लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि त्या रस्त्यांवरच्या आडतींत हमाल, मापाडी, दिवाणजी अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली. हमालाची बायको अडली, पोराला मुदतीचा ताप आला, की तो शेठजींपुढे उभा राही. शेठजी गल्ल्यातून रक्कम काढून देत आणि खतावणीत त्याच्या नावापुढे मांडत. पुढे हप्त्या-हप्त्याला ती मजुरीतून वळती होई. ही मदत नव्हती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वेळेला मिळालेल्या त्या पैशाने जीव वाचले आहेत. पण तो विमा नव्हता. दुखणे ज्याच्या घरी आले, त्याचा खर्चही त्याच्याच नावे राहिला. त्याच्या शेजारी पोती वाहणाऱ्या दुसऱ्या हमालाच्या खात्याला त्याची झळ लागली नाही. एका माणसाचे आजारपण किती माणसांत वाटले जाते, हा प्रश्न या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे, आणि उचलीच्या काळात त्याचे उत्तर होते : एकात.

वाटून घेण्याची पहिली सरकारी खटपट आपल्या मुलखात झाली ती आजारासाठी नव्हे, मृत्यूसाठी. १९०७ मध्ये निजाम सरकारने आपल्या नोकरांच्या कुटुंबांकरिता एक निधी उभारला. नांदेडच्या तहसील कचेरीत हाली सिक्क्यात पगार घेणाऱ्या कारकुनाच्या पगारातून दरमहा ठरावीक रक्कम कापली जाई आणि त्याच्या मागे राहिलेल्यांना त्यातून आधार मिळे. त्या निधीचा वारसा आज आंध्र आणि तेलंगणाच्या सरकारी आयुर्विमा खात्यांत चालू आहे. मराठवाड्यात मात्र त्याची आठवणही उरली नाही. मला तो पूर्वज महत्त्वाचा वाटतो, कारण पगार हातात पडण्याआधीच त्यातून सर्वांसाठी काही काढून ठेवायचे, ही सवय या भागातल्या नोकरदाराला तिथे लागली. दुखण्यासाठी मात्र सरकारी दवाखाने होते, युनानी हकीम होते आणि गावोगावचे वैद्य होते. आजारावर औषध होते, आजाराने बुडालेल्या मजुरीवर नव्हते.

तोवर युरोपात हा विचार पुढे गेला होता. १८८३ मध्ये बिस्मार्कने जर्मन कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा केला. वर्गणीचे दोन वाटे कामगाराचे, एक वाटा मालकाचा. १९११ मध्ये ब्रिटनने त्यात सरकारचा वाटा घातला : आठवड्याला कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. या दोन्ही कायद्यांत पुढच्या काळासाठी एक खूणगाठ आहे. वर्गणी ठरली ती कामगार म्हणून, पगार पाहून किंवा सर्वांना सारखी. कोण गेल्या वर्षी किती आजारी पडला, हे विचारलेच गेले नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कापडगिरण्यांनी आणला. मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ मध्ये स्त्री कामगारांच्या प्रसूती-लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांच्या मते हा भार मुख्यतः सरकारने वाहायला हवा होता. पण सरकार तो घेत नाही तोवर बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने तो टाळू नये. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. नांदेड त्या इलाख्यात नव्हते. नांदेडला तेव्हा नुकतीच उस्मानशाही गिरणी उभी राहिली होती, सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाची. तिच्या भोंग्यावर शहराचे घड्याळ लागू लागले होते, आणि गोदाकाठच्या, कंधार-बिलोलीकडच्या खेड्यांतली माणसे प्रथमच महिन्याच्या पगारावर जगू लागली होती. शेतावर आजारी पडलेल्याचे काम भाऊबंद ओढून नेत. साच्यावर आजारी पडलेल्याची रोजी त्याच दिवशी बंद होई. गिरणीने माणसाला पगार दिला तसे हे नवे उघडेपणही दिले.

मार्च १९४३ मध्ये केंद्र सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा सोपवला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते तेव्हा आंबेडकरांकडेच होते. ऑगस्ट १९४४ मध्ये आडारकरांनी अहवाल दिला. आजच्या कोटेशनच्या संदर्भात तो अहवाल आठवला की थबकायला होते. विमा सक्तीचा असावा, कामगार व मालक या दोघांनी वर्गणी भरावी, आणि साऱ्या गिरण्या-कारखान्यांचा पैसा एकाच निधीत जावा, हा त्याचा गाभा. पुढे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या दोन तज्ज्ञांनी, मॉरिस स्टॅक आणि रघुनाथ राव यांनी, त्यात प्रसूती आणि कामावरच्या अपघाताची भरपाई एकत्र आणली. सक्ती हा शब्द कानाला कडू लागतो, पण विम्याच्या हिशेबात सक्तीला पर्याय नाही. निवड मोकळी ठेवली की धडधाकट माणूस बाहेर राहतो, आजारी आत येतो आणि वर्गणी चढत जाते. आडारकरांनी हे दार आधीच बंद केले होते.

१९ एप्रिल १९४८ रोजी राज्य कामगार विमा कायदा झाला. आपण त्या तारखेपाशी नांदेडला येऊन उभे राहू. देश स्वतंत्र होऊन आठ महिने झाले होते, पण मराठवाडा स्वतंत्र नव्हता. रझाकारांच्या धास्तीने खेडी रिकामी होत होती, माणसे सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत जात होती. दिल्लीत कामगाराच्या तापाचा आणि खोकल्याचा कायदा होत असताना उस्मानशाहीच्या कामगारावर तो कायदा लागूच नव्हता. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, १७ तारखेला निजाम शरण आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेला आरंभ झाला. दिल्लीतही ती त्याच दिवशी सुरू झाली. १९५४ मध्ये ती मुंबईत आली. मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाने उस्मानशाही गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, नांदेड टेक्सटाइल मिल म्हणून ओळखली जाऊ लागली आणि पुढे थंडावत थंडावत बंद पडली.

राज्य कामगार विम्याचा दर कसा ठरतो ते जरा जवळून पाहू, कारण मुनीमजींच्या कागदाशी त्याची तुलना करायची आहे. १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का आहे. त्याआधी दोन्ही मिळून साडेसहा टक्के होती. २१ हजार रुपये पगाराच्या माणसामागे मालकाचे ६८२ रुपये ५० पैसे, त्याचे स्वतःचे १५७ रुपये ५० पैसे, मिळून महिन्याला ८४० रुपये. एवढ्यात तो, त्याची बायको-मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडील यांचे उपचार, शिवाय आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम. त्याचे वय कोणी विचारत नाही. वडिलांना साखर आहे का, आईच्या गुडघ्यांचे काय, गेल्या वर्षी मिलमधल्या कोणाची बायपास झाली का, हे विचारत नाही. नांदेडच्या कृष्णूर औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराच्या शस्त्रक्रियेचा खर्च पुण्याच्या भोसरीतला तरुण फिटर आणि तमिळनाडूतली शिवणकामगार बाई मिळून वाटून घेतात. वर्तुळ देशाएवढे आहे.

मग माणसे त्यातून बाहेर का पडली? दोन कारणे. पहिले म्हणजे पगाराची मर्यादा. १९५२ मध्ये ती ४०० रुपये होती, २००४ मध्ये साडेसात हजार, २००६ मध्ये दहा हजार, २०१० मध्ये पंधरा हजार, १ जानेवारी २०१७ पासून एकवीस हजार. मधल्या वर्षांत पगार वाढत राहिले आणि मर्यादा जागची हलली नाही. एकवीस हजार एक रुपया पगार झाला, की चालू सहामाही संपल्यावर माणूस त्या देशाएवढ्या वर्तुळाबाहेर येतो. पगारवाढीचे पेढे वाटून झाल्यावर हे लक्षात आलेले सुपरवायझर मी पाहिले आहेत. दुसरे कारण अंतराचे. कामगार विम्याचे रुग्णालय आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे छत्रपती संभाजीनगर नाही तर सोलापूर. दवाखान्यात गोळ्या मिळतात. पण मध्यरात्री छातीत कळ आली तर उदगीरचा माणूस वाट पाहत बसत नाही. हक्काची सेवा हाताशी नसेल तर वर्गणी स्वस्त असूनही महाग वाटते. इतक्या सुंदर विचाराची अंमलबजावणीत अशी परवड व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मध्येच एका स्वदेशी धाग्याची नोंद करायला हवी. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात हमालांसाठी मंडळे आणली. व्यापाऱ्याने मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्य निर्वाह, सुट्टी, औषधपाणी पाहायचे. गंजगोलाईच्या खतावणीतली उचल आणि ही लेव्ही यांत केवढे अंतर आहे! एक कर्ज होते, दुसरा हक्क. ज्याला एक मालक नाही, त्यालाही मालकांचा समूह मिळून संरक्षण देऊ शकतो, हे अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने सिद्ध केले.

आता आपण त्या पाच पानी कागदाच्या थेट वडिलांकडे वळू. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. भारतीय साधारण विमा निगमाखाली चार कंपन्या उरल्या : नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया. १९८६ मध्ये त्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला, आणि व्यक्तीबरोबर समूहालाही तो मिळू लागला. बँका, मोठे कारखाने यांनी घेतला. लातूर-नांदेडसारख्या ठिकाणी तो बराच काळ चाचपडत होता. लातूर जिल्हाच मुळी १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झालेला. पण इथे एक विलक्षण व्यवहार चालत असे, आणि आजच्या महागाईचे एक मूळ त्यात आहे. आगीच्या विम्याचे दर कायद्याने स्थापलेली टॅरिफ समिती ठरवत असे. कंपनीला ते कमी करता येत नसत, आणि त्यांत नफा चांगला होता. जिनिंग-प्रेसिंग, तेलगिरणी, सरकीचे गोदाम हे सगळे आगीच्या भीतीत जगणारे धंदे. कापसाच्या गंजीला ठिणगी लागली की काय होते, हे नांदेडकराला सांगायला नको. तेव्हा कारखानदाराचा आगीचा विमा आपल्याकडे राहावा म्हणून कंपन्या त्याला कर्मचाऱ्यांचा मेडिक्लेम पडत्या भावात देत. आरोग्याच्या पॉलिसीत शंभर रुपये घेऊन सव्वाशे गेले तरी आगीच्या पॉलिसीतून ते भरून निघत. म्हणजे कामगाराच्या अपेंडिक्सचा खर्च वर्षानुवर्षे कापसाच्या गंजीने सोसला. मालकाला वाटे, आजारविमा स्वस्त आहे. तो स्वस्त नव्हता. त्याची किंमत दुसऱ्याच पावतीवर लिहिलेली होती.

या काळात समूहाचा दर ठरवण्याची जी रीत रूढ झाली, ती पाहायला अमेरिकेला जाऊ. १९२९ मध्ये टेक्सासमधील डॅलस शहरात बेलर रुग्णालयाने शाळाशिक्षकांशी एक करार केला : महिन्याला अर्धा डॉलर भरा, आणि वर्षात एकवीस दिवसांपर्यंत रुग्णालयात मोफत राहा. सुमारे पंधराशे शिक्षक त्यात आले. त्यातून ब्लू क्रॉस ही संस्था-मालिका उभी राहिली, आणि तिने बराच काळ एका भागातल्या सर्वांना एकच दर हे तत्त्व पाळले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी सरकारने पगार गोठवले. तेव्हा माणसे धरून ठेवायला मालकांनी पगाराऐवजी आजारविमा देऊ केला. व्यापारी विमा कंपन्या या बाजारात उतरल्या आणि त्यांनी एक युक्ती केली. तरुण, धट्ट्याकट्ट्या कामगारांचा कारखाना हेरायचा, त्याचा गेल्या वर्षीचा खर्च पाहायचा आणि त्याला त्याच्याच अनुभवाप्रमाणे स्वस्त दर द्यायचा. तरुणांचे कारखाने निघून गेले, ब्लू क्रॉसकडे वयस्क आणि आजारी उरले, त्यांचा दर चढला. सर्वांना एक दर हे तत्त्व अशा रीतीने ढासळले. ज्याचा अनुभव त्याचाच भार, ही अनुभवाच्या दराची रीत मग जगभर गेली. मला हा या मागोव्यातला निर्णायक वळणबिंदू वाटतो, कारण बिस्मार्कपासून आडारकरांपर्यंत सर्वांनी वर्तुळ मोठे करत आणले होते. इथे ते पुन्हा लहान होऊ लागले.

भारतात १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले, खासगी कंपन्या आल्या, २००१ च्या नियमांनी क्लेमचे काम पाहणाऱ्या त्रयस्थ संस्था, म्हणजे टीपीए, आल्या आणि ‘कॅशलेस’ हा शब्द घराघरांत पोचला. १ जानेवारी २००७ रोजी टॅरिफ उठले. आगीच्या विम्याचे दर स्पर्धेत झपाट्याने घसरले. गंजीने अपेंडिक्सचा खर्च सोसण्याचे दिवस संपले, आणि आरोग्याची पॉलिसी आता स्वतःच्या पायावर उभी करायची वेळ आली. तेव्हापासून प्रत्येक नूतनीकरणात पहिला प्रश्न तोच असतो : गेल्या वर्षी क्लेम किती गेले?

त्याचा हिशेब एकदा मांडून पाहू. आकडे आपण केवळ समजण्यासाठी धरतो आहोत. समजा ऐंशी माणसांच्या मिलचा गेल्या वर्षीचा हप्ता दहा लाख होता आणि क्लेम चौदा लाखांचे गेले. वर्षभरात उपचार बारा टक्क्यांनी महागले असे धरले, तर तेच क्लेम पुढच्या वर्षी पंधरा लाख अडुसष्ट हजारांचे होतील. हप्त्याच्या रुपयातून टीपीए, मध्यस्थ, कचेरीखर्च आणि कंपनीचा वाटा जाऊन उपचारांसाठी पंचाहत्तर पैसे उरतात असे धरले, तर हप्ता निघतो जवळजवळ वीस लाख नव्वद हजार. त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे आणखी पावणेचार लाखांच्या आसपास. आता त्या चौदा लाखांतले पाच लाख एकाच माणसाच्या हृदयशस्त्रक्रियेचे असतील तर? आठ हजार माणसांच्या कंपनीत एका बायपासने दर हलत नाही. तिथे दरवर्षी अशा काही बायपास होणारच, हे धरलेले असते. ऐंशी माणसांच्या मिलमध्ये ती एकच घटना सगळा हिशेब उलटा करते, आणि ती पुढच्या वर्षी होणार नसली तरी तिची किंमत पुढच्या वर्षीच भरावी लागते. मोठ्या कारखान्यांच्या पुण्यात आणि छोट्या कारखान्यांच्या मराठवाड्यात एकाच आजाराची किंमत वेगळी का, हे यावरून कळावे.

कराची कथाही छोटी नाही. १९९४ मध्ये सेवाकर आला तेव्हा सर्वसाधारण विमा त्यातल्या पहिल्या तीन सेवांत होता, पाच टक्क्यांवर. तो वाढत २०१६ मध्ये पंधरा झाला, १ जुलै २०१७ ला जीएसटीने अठरा केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीने आणि कुटुंबाने स्वतः घेतलेल्या आरोग्यविम्यावरचा कर माफ झाला. मालकाने घेतलेल्या समूह-पॉलिसीवर तो तसाच राहिला. मुनीमजींना ही माफी वर्तमानपत्रात वाचून आशा वाटली होती.

पण क्लेम चौदा लाखांचे होतात कसे, हे पाहिल्याशिवाय दोष विमा कंपनीवर टाकणे बरोबर नाही. १९५०-६० च्या काळात आपल्याकडच्या गंभीर रुग्णाला हैदराबादच्या उस्मानियाला, औरंगाबादच्या घाटीत किंवा सोलापूरला न्यावे लागे, आणि पुष्कळांना नेलेच जात नसे. न केलेल्या उपचाराचे बिल येत नाही. मग अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झाले, डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय वाढवले, १९८८ मध्ये नांदेडला आणि २००२ मध्ये लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आली. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये आज सकाळी उभे राहिलात तर मराठी, तेलुगू, दखनी अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. आदिलाबाद-निजामाबादकडचे रुग्णही तिथे येतात. एमआरआय, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, गुडघ्याचे सांधे, सगळे गावातच. यातले बरेचसे खरे कल्याण आहे. ज्या आईचा मोतीबिंदू पूर्वी तसाच राहिला असता, ती आज नातवाचा चेहरा पाहते. काही भाग मात्र वाढीव आहे : पॉलिसी आहे म्हटल्यावर वरच्या खोलीचा आग्रह, आणि खोली बदलली की तपासणीपासून भूलतज्ज्ञापर्यंत प्रत्येक ओळीचा बदलणारा दर. २०१० मध्ये चार सरकारी कंपन्यांनी मुंबई-दिल्लीतल्या अनेक मोठ्या रुग्णालयांचे कॅशलेस थांबवून दरांचे करार करायला घेतले ते यासाठीच.

घासाघीस किती उपयोगी पडते हे नांदेडने फार जवळून पाहिले आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यात प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार आणि सरकारने भरलेला हप्ता दर कुटुंबामागे ३३३ रुपये. ठरलेल्या शस्त्रक्रिया, ठरलेले दर आणि लाखो कुटुंबे एका वर्तुळात. तीच पुढे महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना झाली. त्या ३३३ रुपयांत सगळे आजार नव्हते, रुग्णालयांच्या तक्रारी होत्या, तरीही समोरच्या बाजूला लाखो कुटुंबे एकत्र असली की दर कोण ठरवतो, हे त्यातून दिसले. ऐंशी माणसांची मिल रुग्णालयाशी काय घासाघीस करणार?

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी शिथिल करताना, केंद्रीय गृहखात्याने कामावर परतणाऱ्यांसाठी आरोग्यविमा बंधनकारक केला, आणि ज्यांनी कधी मेडिक्लेम घेतला नव्हता अशा पुष्कळ लहान मालकांनी तो तेव्हा प्रथम घेतला. आमच्या या मिलनेही. पहिल्याच वर्षी त्यांनी कर्मचाऱ्यांबरोबर आई-वडिलांना आत घेतले. समूह-पॉलिसीत आधीची तपासणी नसते, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरता येतात; घरी आईची गर्भाशयाची शस्त्रक्रिया चार वर्षे रखडलेली असेल तर मुलाला नोकरी लागल्यावर ती होते. यात लबाडी नाही. पॉलिसी त्यासाठीच असते. पण वर्षभरातल्या क्लेमची यादी मी पाहिली, तर निम्म्याहून अधिक नोंदी आई-वडिलांच्या होत्या : मोतीबिंदू, मूतखडा, साखरेने चिघळलेला पाय, दोन अँजिओप्लास्टी. कंपनीने म्हणूनच कोटेशनच्या चौथ्या पानावर पर्याय दिला होता : आई-वडील वगळल्यास हप्ता निम्म्याखाली.

मालक वगळायला तयार नव्हते. अर्धी रक्कम मिलने आणि अर्धी कर्मचाऱ्याने पगारातून द्यावी, असे ठरले; म्हणजे मुनीमजींना आता प्रत्येकाच्या आई-वडिलांचा वेगळा दर काढायचा होता, वयाच्या टप्प्याप्रमाणे. त्यांनी संगणकावर यादी उघडली. जन्मतारखेचा रकाना वरून खाली पाहत गेलो तर एकच तारीख उतरत होती : १ जानेवारी, १ जानेवारी, मध्येच १ जून, पुन्हा १ जानेवारी. जे शाळेत गेले त्यांची तारीख गुरुजींनी लिहिलेली. जे गेले नाहीत त्यांची आधार काढताना कोणीतरी अंदाजाने सांगितलेली. गाडीवरच्या सुपरवायझरला मुनीमजींनी बोलावले. ‘‘तुझ्या आईचं वय सदुसष्ट येतंय रे. सहासष्टच्या पुढचा दर लागतो.’’ त्याने तिथूनच गावी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ‘‘आई, तू जन्मलीस कधी?’’ पलीकडून थोडा वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज आला. मग ती म्हणाली, ‘‘मला काय ठावं बाबा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया गेले तवा अकरा-बारा वर्साची असंन. तुझा आजा म्हणायचा, पोलीस ॲक्शन होऊन लई वर्सं झाल्ती.’’ मुनीमजींनी बोटांवर हिशेब केला. चौसष्ट, फार तर पासष्ट. त्यांनी कागदावर दोन्ही दर लिहिले, त्यांतला फरक काढला, त्याचे निम्मे केले आणि बाराने भागले. सुपरवायझर वाकून त्या आकड्याकडे पाहत राहिला. आधारकार्डावर जे साल होते तेच मुनीमजींनी रकान्यात ठेवले आणि पुढच्या नावाकडे वळले.